एक साचा, दोनशे पीतांबर

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी आपटा सोडते, मग जिते येतं, मग हमरापूर आणि त्यानंतर पेण. रस्त्याने आलात तर खारपाड्याला पाताळगंगेचा पूल ओलांडला की महामार्गाच्या आजूबाजूला हीच गावं: जिते, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत. भाताची खाचरं, खारबांध, आणि घराला लागून पत्र्याच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या छपराखाली गणपतीचे कारखाने. पेणच्या गणेशमूर्तींना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव पेणचं झालं, पण त्या नावाने बाहेर जाणाऱ्या मूर्तींपैकी कितीतरी या खेड्यांतल्या हातांमधून गेलेल्या असतात.

कपड्यांचे रंग कसे जुळवायचे, हे सांगायला गणपतीच्या कारखान्यात कशाला यायचं? कारण एकाच अंगावर दोनशे वेगवेगळे पोशाख चढवून शेजारी शेजारी उभे केलेले दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? कापडाच्या दुकानातल्या आरशासमोर आपण फार तर चार कपडे अंगाला लावून बघतो. इथे फळीवर ओळीने बसलेल्या मूर्ती एका साच्यातून निघालेल्या. सोंडेचं वळण तेच, पोटाची गोलाई तीच, हातातला मोदक तोच. बदलतो तो पीतांबर, शेला, फार तर मुकुटातले खडे. मूर्ती ठरवायला आलेलं कुटुंब या रांगेपुढून दोनदा फिरतं आणि एका मूर्तीपाशी थबकतं. का, असं विचारलंत तर उत्तर बहुतेक वेळा एकच: चेहरा प्रसन्न आहे. शेजारच्या मूर्तीचा चेहरा त्याच साच्यातला असतो. डोळ्यांची आखणी हाताने होते, तिच्यामुळे थोडा फरक पडतो हे खरं. पण एकाच कारागिराच्या हातचे डोळे असले तरी लोक एकीला प्रसन्न म्हणतात आणि दुसरीवरून नजर पुढे नेतात. चेहरा बदललेला नसतो. चेहऱ्याखाली जे नेसवलंय ते बदललेलं असतं.

हे कसं घडतं ते समजून घ्यायला मूर्ती रंगवण्याचा क्रम बघावा लागतो. सुकलेली मूर्ती पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करतात आणि तिला पांढऱ्या रंगाचा हात देतात. त्यानंतर येतो अंगाचा रंग. कॉम्प्रेसर लावलेल्या गनने तो फवारतात, आणि सोंडेच्या वळ्या, पोटाखालची घडी, गाल इथे जरा गडद छटा मारतात. हा रंग गुलाबीकडे झुकणारा तरी असतो, नाहीतर बदामीकडे. मग पीतांबर किंवा सोवळं, मग शेला, मग दागिन्यांचं सोनेरी काम आणि सगळ्यात शेवटी डोळे. म्हणजे अंग आधी ठरतं आणि कपडे त्या अंगाकडे बघून ठरतात. आपण मात्र दुकानात उलटं करतो. हँगरवरचा शर्ट आवडला की तो अंगावरही आवडेल असं धरून चालतो.

आता एक गंमत बघा. पीतांबर या शब्दाचा अर्थच पिवळं वस्त्र. तरी कारखान्यात लाल पीतांबर, जांभळा पीतांबर, हिरवा पीतांबर असे शब्द सर्रास ऐकू येतात आणि कुणाला त्यात खटकत नाही. शब्दाचा रंग कधीच उडून गेला आणि मागे फक्त नेसण राहिली. त्यात पिवळं वस्त्र मुळात विष्णूचं. गणपती अथर्वशीर्षात गणपतीचं वर्णन आहे ते तांबड्या अंगाचा, तांबडी वस्त्रं ल्यालेला असं. शास्त्राबरहुकूम रंगवायचं तर अंग तांबडं आणि सोवळंही तांबडं करायला हवं. असं कुणी फारसं करत नाही. माझा तर्क असा की करून बघितल्यावर सोडून दिलं असणार. तांबड्या अंगावर तांबडं वस्त्र दिलं की मांडी कुठे संपली आणि निऱ्या कुठे सुरू झाल्या ते चार हातांवरून कळत नाही. देवाला वस्त्र आहे हे दिसायला तरी वस्त्राचा रंग अंगापेक्षा वेगळा हवा. रंगसंगतीची सुरुवात इथून होते, सौंदर्याचा विचार नंतर येतो.

वेगळा हवा, पण कोणता? हा प्रश्न ज्याने पहिल्यांदा नीट हाताळला तो चित्रकार नव्हता, रसायनतज्ज्ञ होता. मिशेल यूजेन शेव्रल हा फ्रेंच माणूस १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ या सरकारी विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की काळा धागा निस्तेज पडतो, रंगाऱ्यांचा काळा कच्चा आहे. शेव्रलने दुसरीकडचे काळे धागे मागवून ताडून पाहिले. गोब्लँचा काळा कुणापेक्षा कमी नव्हता. दोष होता तो त्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या आणि जांभळ्या धाग्यांचा. रंग बरोबर होता, शेजार वाईट होता. या एका धाग्यावरून सुरू झालेलं काम १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ होऊन बाहेर पडलं. शेव्रल १०२ वर्षं जगला, त्यामुळे आपल्या सिद्धांतावर चित्रकारांची एक अख्खी पिढी पोसलेली त्याला बघायला मिळाली.

त्याने सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी. कोणताही रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो. लालच्या शेजारी राखाडी ठेवा, राखाडी हिरवट वाटू लागेल. हे कापडात घडत नाही, डोळ्यात घडतं. आपली दृष्टी रंग एकेकटे मोजत नाही, ती शेजारच्या दोन रंगांतला फरक मोजते आणि तो जरा वाढवूनच सांगते. लाल-हिरवा आणि निळा-पिवळा या जोड्या तिच्या लेखी तराजूच्या दोन पारड्यांसारख्या आहेत. एक खाली गेलं की दुसरं वर.

आता हे जितेच्या फळीवर लावून बघू. गुलाबी अंगाच्या मूर्तीला गडद लाल पीतांबर नेसवला तर लाल आपली हिरवट झाक अंगावर टाकतो. गुलाबीतला गुलाबीपणा ओसरतो, अंग फिकट, थोडं आजारी दिसतं. त्याच मूर्तीला हिरवा पीतांबर द्या. हिरव्याची विरुद्ध झाक लालसर, ती अंगावर पडते आणि गाल टवटवीत होतात. प्रसन्न चेहऱ्याचं कोडं बरंचसं इथेच सुटतं. जांभळा पीतांबर अंगाला पिवळसर करतो, म्हणून तो बदामी अंगावर जास्त शोभतो. लाल नेसवायचाच असेल तर कसबी हात मध्ये पांढऱ्या-सोनेरी काठाचा रुंद पट्टा सोडतो किंवा अंग आणखी उजळ ठेवतो. शेव्रलच्या ग्रंथात माणसाच्या अंगवर्णाला कोणत्या रंगाचं कापड काय करतं यावर सविस्तर प्रकरण आहे आणि तोही हेच सांगतो: नाजूक हिरवा रंग गालाला गुलाबी करतो, गुलाबी कापड गालाचा गुलाबीपणा खाऊन टाकतं. पेण-हमरापूरच्या कारागिराने शेव्रलचं नाव ऐकलेलं नसतं. त्याच्यापुढे रोज शे-दोनशे अंगं असतात, तेवढं पुरतं.

काठाचा उल्लेख आलाच आहे, तर तिथे थोडं थांबू. माझ्या मते कपड्यांच्या रंगसंगतीत मराठी माणसाने जगाला काही दिलं असेल तर ते काठात आहे.

लाल पीतांबरावर हिरवा शेला टाकला आणि दोन्ही रंग सारखेच भडक असले तर जिथे ते भेटतात तिथली रेघ थरथरल्यासारखी दिसते. डोळ्याला त्रास होतो. त्याचं कारण असं की वस्तूची कड आपण रंगभेदाने कमी आणि उजळ-गडद भेदाने जास्त ओळखतो. लाल आणि हिरवा रंगाने टोकाचे वेगळे, पण दोघांचा उजेड सारखा. मग कड कुठे आहे हे डोळ्याला ठरवता येत नाही. तिथे सोनेरी रेघ ओढली की भांडण मिटतं. सोनेरी रंग चकाकतो, कोनाकोनाला कमी-जास्त उजळतो, म्हणून तो कुठल्याही रंगापासून सुटा दिसतो. खारपट्टीत दोन खाचरांतलं पाणी वेगवेगळ्या उंचीवर राहतं ते मधल्या बांधामुळे, तसं हे. पैठणीच्या विणकराने ही युक्ती फार पूर्वीपासून वापरली आहे. अंग मोरपंखी, पदरावर रेशमी मोर आणि वेली, आणि मध्ये जरीचा काठ. शिवाय ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछाव साधलेली असते. साडी हलली की कधी हिरवा वर येतो, कधी निळा. असं कापड कुणाशीही पटवून घेतं, कारण दोन पाहुण्यांना ओळखणारा माणूस त्याच्या घरातच असतो.

इरकल याहून धीट. साडीचं अंग काळं असो, नीळ असो, हिरवं असो की डाळिंबी, पदर बहुतेक तांबडाच. अंगाचा सुती ताणा आणि पदराचा रेशमी ताणा कोंड्यांनी एकमेकांत अडकवून जोडतात आणि पदरावर टोपेटेणीची पांढरी नक्षी विणतात. तांबडा पदर इतक्या सगळ्या रंगांशी कसा जुळतो? पांढऱ्या टोपेटेणीमुळे. तांबड्याच्या पोटातच पांढरं विणलेलं असल्याने तो अंगाच्या रंगावर थेट चाल करून जात नाही. आणि दुसरं म्हणजे प्रमाण. अंग भरपूर, पदर बेताचा, काठ अरुंद. तेच तीन रंग सारख्या वाटणीने घेऊन ड्रेस शिवून बघा, झेंडा होईल.

या साड्यांचे रंग एकमेकांशी गोडीने नांदायचे त्याला आणखी एक कारण होतं. १८५६ पर्यंत जगातलं जवळजवळ सगळं कापड झाडं, मुळं, किडे आणि मातीतून काढलेल्या रंगांत रंगत होतं. नीळ, मंजिष्ठ, कुसुंबा, हळद. झाडातून निघालेला रंग कधी निखळ नसतो. तांबड्यात थोडा तपकिरी, पिवळ्यात थोडा हिरवट असा मिसळलेलाच येतो. म्हणजे प्रत्येक रंगात दुसऱ्याचं थोडं रक्त असायचं. त्या वर्षी लंडनमध्ये १८ वर्षांच्या विल्यम पर्किनला डांबरातून काढलेल्या रसायनावर प्रयोग करताना जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचा कारखाना सुरू झाला. नवे रंग निखळ, झगझगीत आणि एकमेकांशी अनोळखी. गणपतीच्या कारखान्यातही हेच झालं. गेरू, पिवडी, हिंगूळ, काजळी आणि नीळ यांच्या जागी आधी डब्यातले रंग आले, मग फ्लुरोसंट, मग मोत्यासारखी चमक देणारे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना पाण्यात मिसळतील अशा निर्धोक, नैसर्गिक रंगांकडे बोट दाखवतात ते नद्या-तळ्यांच्या काळजीने. पण गेरू आणि हळदीत रंगवलेली शाडूची मूर्ती बघितली की वाटतं, रंगसंगतीच्या अंगानेही तो सल्ला वाईट नाही. त्या रंगांत चूक करणं अवघड असतं.

आता कारखान्यातून बाजारपेठेत येऊ. तालुक्याच्या कुठल्याही बाजारात एक दुकान असतंच, ज्याच्या पाटीवर मॅचिंग सेंटर असं लिहिलेलं असतं. टू बाय टू रुबियाचे तागे जमिनीपासून आढ्यापर्यंत रचलेले. अस्तर, फॉल, परकर, धागा. गिऱ्हाईक पिशवीतून साडीचं टोक काढतं आणि म्हणतं, काठातलं दाखवा. दुकानदार साडीकडे एकदा बघतो, न बघता मागे हात घालतो आणि तीन तागे ओढतो. तिन्ही हिरवे. एक बॉटल ग्रीन, एक मेहेंदी, एक रामा. साडीची घडी ताग्यावर ठेवतो, काठाखाली रुबियाचं टोक सरकवतो, मान तिरकी करतो. मग दोघंही उठून उंबऱ्याशी येतात. ऊन असलेल्या पायरीवर तीच घडी पुन्हा ठेवतात, आणि आत जो रामा काठाशी एकजीव दिसत होता तो बाहेर सरळ निळा पडतो.

दुकानदाराने फसवलेलं नसतं. कापडाचा रंग म्हणजे कापडावर पडलेल्या उजेडातला कापडाने परत पाठवलेला भाग. उजेड बदलला की परत येणारा भागही बदलतो. साडीचं रेशीम एका रंगद्रव्यात बुडवलेलं, रुबियाचं सूत दुसऱ्याच. ट्यूबलाइटच्या उजेडात दोघांकडून परत येणारा हिशेब योगायोगाने सारखा जमतो. उन्हातला उजेड वेगळा, तिथे जमत नाही. कापड गिरण्यांतल्या रंगाऱ्यांना हा प्रकार चांगला ठाऊक असतो, म्हणून ते नमुने दोन-तीन वेगवेगळ्या दिव्यांखाली ताडतात. मी स्वतः हा धडा एका लग्नात शिकलो. संध्याकाळी घाईत घेतलेली काळी पँट, घरच्या काळ्या कोटावर. सकाळी मांडवात उभा राहिलो तर पँट चक्क नेव्ही ब्लू. दिवसभर खुर्चीवर बसून काढला.

त्या पँटने एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवली. रंगात सगळ्यात वाईट दिसतं ते थोडक्यात हुकलेलं. काळ्यावर पांढरं चालतं, काळ्यावर पिवळंही चालतं. काळ्यावर जवळजवळ-काळं चालत नाही. कोट, जाकीट आणि विजार तिन्ही एका रंगाची असतील तर ती नवी असेपर्यंतच बरी दिसतात, असं शेव्रलनेही लिहून ठेवलंय. एक नग आधी विटतो आणि बाकीच्यांसमोर उघडा पडतो. म्हणून काठातलाच ब्लाउज हवा हा जुना हट्ट मला जरा जोखमीचा वाटतो. तो अगदी तंतोतंत साधला तर उत्तम. एका छटेने हुकणार असेल तर सरळ दुसऱ्या रंगाकडे वळलेलं बरं. डाळिंबी काठाला डाळिंबीच शोधत तीन दुकानं फिरण्यापेक्षा अंगातल्या बुट्टीचा पिवळा उचलावा. हल्ली काँट्रास्ट ब्लाउजची चाल पडलीय, तिच्यामागे फॅशन असेल, पण मॅचिंग सेंटरच्या पायऱ्या चढून दमलेल्या बायकांचा व्यवहारही असणार.

तिथल्या रंगांच्या नावांवरून आठवलं. आमसुली, अबोली, पोपटी, मोरपंखी, अंजिरी, डाळिंबी, शेंदरी, विटकरी, श्रीखंडी, राखाडी, चिंतामणी, गुलबक्षी. मराठीत रंगाला नाव देताना आपण वस्तू समोर धरतो. लाल, हिरवा, निळा हे दिशा सांगतात; आमसुली म्हटलं की गडदपणा, सुकेपणा, किंचित चकाकी एवढं सगळं एका शब्दात येतं. याचा रंग जुळवायला उपयोग होतो. आमसुलीशेजारी काय शोभेल असं विचारलं तर उत्तर सुचायला वेळ लागत नाही, कारण आमसूल कशाकशाजवळ बघितलंय हे आठवतं: सोलकढीचा गुलाबी, नारळाचा पांढरा, केळीच्या पानाचा हिरवा. मुलीला शेड नंबर पाठ करायला लावण्यापेक्षा ही नावं शिकवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

रंगसंगतीची पुस्तकं रंगचक्र दाखवतात आणि समोरासमोरचे रंग घ्या, शेजारचे घ्या, तिघांचा त्रिकोण घ्या असं सांगतात. न्यूटनने १७०४ च्या ग्रंथात रंग वर्तुळात मांडले तेव्हापासून हे चाललंय. चक्र खोटं नाही, पण त्यात उजळ-गडद दिसत नाही, आणि अंगावर आधी दिसतं ते तेच. फिका निळा शर्ट आणि फिकी बदामी पँट चक्राच्या हिशेबाने झकास जोडी, पण दोन्ही सारखीच फिकी असली तर माणूस लांबून धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. मूर्ती रंगवणारा अधूनमधून दोन पावलं मागे जातो आणि डोळे बारीक करून बघतो. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीकसारीक पुसलं जातं आणि नुसते उजळ-गडद पट्टे उरतात. शेला अंगात विरघळला की नाही ते त्यात लगेच कळतं. आपल्याला तर आणखी सोय आहे. निवडलेल्या कपड्यांचा मोबाइलवर फोटो काढा आणि काळा-पांढरा करून बघा. त्यात कपड्यांचे तुकडे वेगवेगळे ओळखू आले तर पुढचा विचार करा.

अंगाच्या वर्णाचा विषय आलाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सावळ्या मुलीने गडद घालू नये, भडक घालू नये, फिका रंग बरा, हे घरोघरी ऐकवलं जातं. हा सल्ला चूक आहे, आणि तो देणाऱ्याला रंगाची काळजी नसते, मुलीच्या वर्णाची लाज वाटत असते. याच पट्ट्यातल्या आगरी आणि कोळी बायका पिढ्यानपिढ्या काय नेसत आल्या ते बघा. हळदीसारखं पिवळं, पोपटी, राणी कलर, काठाला ठसठशीत रंग. खाडीकिनाऱ्यावरच्या उन्हात फिके रंग धुऊन निघतात, पांढुरके पडतात. भरलेले रंगच तिथे टिकून दिसतात. आणि सावळ्या अंगावर पिवळा जसा पेटतो तसा गोऱ्या अंगावर पेटत नाही, कारण उजळ-गडद अंतर तिथे अपुरं पडतं. संक्रांतीची काळी चंद्रकळा गोऱ्या अंगावर उठून दिसते ती ज्या कारणाने, त्याच कारणाने हळदी साडी सावळ्या अंगावर उठते.

उन्हाचं झालं; दिवेलागणीचं वेगळं. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने १८२० च्या दशकात लिहून ठेवलंय की उजेड मावळू लागला की लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा-हिरवा त्या मानाने उजळ दिसत राहतो. दुपारी सगळ्यांत उठून दिसणारं जास्वंदीचं फूल तिन्हीसांजेला पानांत हरवतं ते याचमुळे. अंगणातला कार्यक्रम संध्याकाळचा असेल आणि दिवे बेताचे असतील तर गडद लाल साडीवर फार भिस्त ठेवू नका.

सगळ्यांनी एकच रंग घालण्याची हल्ली लाट आहे. आगरी-कोळी हळदींमध्ये करवल्यांच्या सारख्या साड्या असतात, भावकीतल्या पोरांचे सारखे कुर्ते असतात. नवरात्रातले नऊ रंग तर महाराष्ट्र टाइम्सने या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ केले, आणि लोकल, कचेऱ्या, शाळा सगळं एका रंगात न्हाऊ लागलं. त्याला धर्मशास्त्राचा आधार शोधणाऱ्यांची कीव येते, पण प्रयोग म्हणून मला तो आवडतो. डब्यात पन्नास बायका हिरव्यात असल्या की हिरवा किती परींचा असतो हे एका नजरेत दिसतं, आणि कुणाला कोणता हिरवा शोभतो हेही.

पुन्हा कारखान्यात. गेल्या काही वर्षांत रंगवलेल्या पीतांबराऐवजी खऱ्या कापडाचं सोवळं, शेला आणि फेटा यांची मागणी वाढली आहे. ब्रशने फटकारलेल्या निऱ्यांच्या जागी सॅटिनच्या निऱ्या आल्या, लेस आली, खडे आले. रंगाच्या बाजूने बघता यात मिळवलं तसं घालवलंही. कापड स्वतः चमकतं, त्याच्या घडीत सावली पडते, एका तुकड्यातून चार छटा मिळतात; हे मिळवलं. पण कारागीर रंग हवा तसा मिसळून घ्यायचा, बाजारातलं कापड जसं आलं तसंच वापरावं लागतं. अंगाच्या गुलाबीशी थोडक्यात हुकलेला गुलाबी शेला अशा मूर्तींवर हमखास दिसतो. ज्यांना जमतं ते एक युक्ती करतात: फेट्याचा रंग शेल्यात पुन्हा आणतात, किंवा शेल्याच्या लेसमधला रंग फेट्याच्या तुऱ्यात. एक रंग दोन ठिकाणी आला की तो मुद्दाम आणलाय हे बघणाऱ्याला पटतं. आपणही पट्टा आणि चप्पल एका रंगाची घालतो ते त्याचसाठी.

मूर्ती रांगेत निवडली आणि घरी आणल्यावर मनासारखी वाटली नाही, असं अनेकांचं होतं. रांगेत तिच्या शेजारी दुसऱ्या मूर्ती होत्या, वर निळं प्लॅस्टिक होतं आणि छपरातून येणारा उजेडही निळसर होता. घरी तिच्या मागे मखर आहे, जांभळा नाहीतर सोनेरी पडदा आहे, आणि समोर झगमगणारे दिवे आहेत. पीतांबर-शेल्यापेक्षा मोठा शेजारी हा पडदा. त्याची झाक अख्ख्या मूर्तीवर पडते. तेव्हा मूर्ती ठरवायला जिते-हमरापूरला जाल तर सकाळच्या गाडीने जा, आवडलेली मूर्ती कारागिराला सांगून दाराशी उजेडात आणून घ्या, आणि घरून निघताना मखराच्या पडद्याचा वीतभर तुकडा कापून खिशात टाका.